गाडीला गप्प करणारी क्लिप

दिवसभर ऑफिसात साहेबांची कटकट, रस्त्यावर हॉर्न, आणि गाडीत बसलं की बेल्ट लावा, बेल्ट लावा म्हणून ही टुंटुं! मधुकरराव अगदी पकले होते. शेवटी त्यांनी सिग्नलवर दोन खोट्या क्लिपा घेतल्या, बेल्टच्या खाचांत खुपसल्या आणि गाडीचं तोंड बंद केलं. आपल्यापैकी कितीजणांनी हेच केलंय, खरं सांगा!

त्या रविवारी ते लेकीला, कल्पिताला, डोहाळजेवणासाठी बोरिवलीहून मुलुंडला माहेरी आणत होते. सातवा महिना. शेजारी बसताच तिनं बेल्ट ओढला.

"राहू दे गं, पोटावर दाब येईल. एअरबॅग आहे ना!" मधुकरराव म्हणाले.

गोरेगावला पुढची रिक्षा अचानक थांबली. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. कल्पिता पुढे फेकली गेली. हात डॅशबोर्डला टेकले म्हणून निभावलं. पोटापासून डॅशबोर्ड जेमतेम चार बोटं राहिला.

"बाबा..." एवढंच बोलली ती. मधुकररावांनी ब्रेकला दोष देत गाडी हळूच पुढे काढली.

जोगेश्वरीला धोंडूचं नेहमीचं गॅरेज. ब्रेक दाखवायला ते थांबले. धोंडूनं ब्रेक तपासला आणि क्लिप उपसून हातात धरली.

"काका, ब्रेक झकास आहे. वाट लावणार ती ही क्लिप!"

"अरे, पण एअरबॅग कशासाठी असते मग?"

"बेल्टच्या जोडीला! पापणी लवायच्या आत फुटते ती, केवढ्या जोरात. बेल्टनं मागे धरलं तर डोकं-छाती तिच्यावर टेकते, मार कमी बसतो. बेल्ट नसला तर ताई आधीच पुढे गेलेली, आणि पिशवी थेट पोटावर फुटणार."

"आणि बेल्टचा दाब?"

"पोटावर बांधायचाच नाही ना! खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर. वरचा खांद्यावरून, छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं. माझ्या बायकोला, तेजलला, पोटुशी असताना डॉक्टरबाईंनी असंच शिकवलं होतं. आता सीट मागे घ्या, आणि आधी डॉक्टरांकडे जा. जेवण मग."

दवाखान्याच्या बाकावर मधुकरराव गळून बसले होते. आपल्याच हातानं आपण काय करत होतो! आतून बाळाच्या ठोक्यांचा आवाज आला, तेव्हा त्यांना रडूच फुटलं.

बाहेर आल्यावर त्यांनी दुसरी क्लिपही काढून फेकली. कल्पितानं बेल्ट नीट लावला. गाडी तरी टुंटुं करतच राहिली.

"बाबा, तुमचा राहिला."

मंडळी, त्या आवाजाचा कंटाळा येतोच. येऊ दे! पण तो क्लिपनं नाही, बेल्टनं बंद करायचा. पुढे बसा, मागे बसा, पोटुशी असा, तरीही.