शुक्रवारचा पेला

मित्रांनो, मी चांदीचा एक जुना पेला. कड थोडी चेपलेली. माझं आयुष्य सांगण्याजोगं आहे का, याची मला अजूनही शंकाच आहे, तरी सांगतो.

रेवदंड्याच्या सोनाराने मला एका बेने इस्रायल घरासाठी घडवलं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे हे यहुदी लोक. शुक्रवारी सूर्य मावळला की माझ्यात काळ्या मनुकांचं सरबत ओतत. सगळे एकेक घोट घेत आणि चपातीचा तुकडा मिठाला लावून खात. मला वाटे, हे असंच चालणार.

पण ते घर बोटीने इस्रायलला निघालं. मुलगी मागे राहिली, कारण तिने गावातल्याच मुश्ताकशी निकाह केला होता. जाताना आईने मला तिच्या हाती दिलं. ती मैमुनाबी झाली. पोरांना कुणी टोमणे मारू नयेत, म्हणून जुनं नाव तिने घरात कधी काढलंच नाही.

पुढे मुलासोबत ती दुबईत, करामा भागातल्या फ्लॅटमध्ये आली. दर शुक्रवारी ती मनुका भिजवायची. जुम्म्याचा दिवस, म्हणून कुणी काही विचारलं नाही. नात फिझा तिच्या मांडीवर बसून पहिला घोट घ्यायची आणि चपाती मिठाला लावून खायची. मग मैमुनाबीचे हात थरथरू लागले, सरबत थांबलं. मी काळा पडलो, आणि माझ्यात बॉलपेनं उभी राहिली.

गेल्या शुक्रवारी फिझा ऑफिसातल्या रिबका रोहेकरकडे जेवायला गेली होती. परतली ती थेट दादीच्या पलंगावर बसली.

"दादी, त्यांच्याकडे पण मनुकांचं सरबत. कुणी सांगायच्या आधीच मी चपाती मिठाला लावली. रिबकाची आई म्हणाली, अगं, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्याकडे जुम्म्याला असंच करतात. ती म्हणाली, हे तर आमच्यातलं. दादी, ते बेने इस्रायल आहेत. मग आपण कोण?"

मैमुनाबीने पदर सारखा केला. "तू तुझ्या अब्बांची, मुसलमान. मी मात्र त्यांच्यातली. आता माझ्यापासून लांब बसशील?"

"सीरियसली, दादी? मांडीवर मावत नाही, म्हणून इथे बसलेय." फिझाने तिचा हात धरला. "तुझं नाव काय होतं?"

"सिप्पोरा."

ती बोट सुटल्यापासून ते नाव मी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, घरातलं जुनं भांडं घासून जरूर ठेवा. पण आधी त्यातून कोण काय पीत होतं, तेही विचारा. सांगणारं माणूस आहे तोवर.

आज शुक्रवार आहे. फिझाने टूथपेस्ट लावून मला लख्ख केलं आहे. सूर्य मावळला, मगरिबची अजान होते आहे, आणि तिचं पहिलंच सरबत फार घट्ट झालं आहे.

"खलास," ती म्हणते. "पुढच्या वेळी जमेल."

"इन्शाल्ला," सिप्पोरा म्हणते, आणि मला ओठांना लावते.