मालनबाईने मळलेला माझा खांदा

मित्रांनो, मी एक जुनी विलायती मोटार आहे. किती जुनी ते विचारू नका. बाईमाणसाला वय विचारत नाहीत. निजामाच्या राज्यात एका अंमलदाराने मला मुरुम गावी आणले, तेव्हा बाजारातली माणसे उघडी दुकाने टाकून मला बघायला धावली होती. पुढे राज्य गेले, साहेबही गेले आणि मी शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या गोदामात एका कोपऱ्यात पडले. वीस वर्षे माझ्या गादीवर कोंबड्यांनी अंडी घातली. तक्रार कोणाकडे करणार?

मग सोसायटीला खतासाठी जागा हवी झाली आणि मला भंगारात काढायचे ठरले. तिथली ऑइल इंजिने दुरुस्त करणाऱ्या बब्रुवानने मला मागून घेतले. त्याच्या बैलजोडीने मला दोरखंडाने ओढत जवळच्या खेड्यात नेले. वाटेत लोक हसत होते. त्याची बायको मालनबाई मात्र दारात उभी होती. तिने माझ्या चाकांवर पाणी घातले, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मगच मला आत घेतले.

माझा एकही नट त्या दोघांनी एकमेकांशिवाय उघडला नाही. तो खाली शिरे, ती पाने हातात देई. तिला अक्षर येत नव्हते, पण कोणता पाना कोणत्या नटाचा हे ती नुसत्या वजनावरून ओळखे. तेल घालायचे काम तिचेच. बब्रुवानने तिला पहिल्याच दिवशी शिकवले होते, "जिथं लोखंड घासतंय, तिथं तेल पायजे." तिने ते मनात पक्के धरले.

बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली. बैल छावणीत गेले आणि तिथून परत आलेच नाहीत. नवराबायको रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागली. तरी दिवस मावळायच्या आत घरी येऊन घटकाभर माझ्यापाशी बसत. त्याच उन्हाळ्यात मी एकदाची खोकले, थरथरले आणि चालू झाले. कितीतरी महिन्यांनी दोघे हसली. त्या हसण्यासाठी मी अजून दहा वर्षे कोंबड्या सोसल्या असत्या.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. आपणच फोडलेल्या खडीच्या रस्त्यावरून बब्रुवानने तिला येणेगूरपर्यंत फिरवून आणले. रस्त्यावर चिटपाखरू नसले तरी मालनबाई भोंगा वाजवत होती. मीही उगीच ऐटीत चालले.

मग पोळा आला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तेल-हळदीने मळतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. यांची दावण रिकामी. बब्रुवानने माझी चारी चाके उघडून ब्रेकच्या पट्ट्या साफ केल्या होत्या आणि तो तसाच सोसायटीच्या बोलावण्यावरून एका इंजिनाकडे गेला होता. मालनबाई वाटीत करडईचे तेल घेऊन आली. चाक जिथे बसते तिथेच सगळा भार, म्हणजे तोच माझा खांदा, असे तिला वाटले. शिवाय तिथे लोखंड घासतेही.

"बैल तर गेले," ती पुटपुटली. "आता तुजाच खांदा मळते, बाई."

तिची बोटे पट्ट्यांवरून फिरू लागली. मालनबाई, तिथे नको गं, तिथे घासते म्हणूनच मी थांबते! मी आतल्या आत ओरडत होते. पण भोंगासुद्धा दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही, तिथे मी काय करणार? तिची एवढी माया माझ्या अंगात मुरत गेली आणि मी भीतीने गारठून गेले.

सकाळपर्यंत तेल पूर्ण जिरले होते. परत आलेल्या बब्रुवानने घाईने चाके चढवली आणि मालनबाईला शेजारी बसवून मला पोळ्याच्या मिरवणुकीला काढले. निघण्याआधी अंगणात ब्रेक दाबून बघायची त्याची सवय, पण वाजंत्री केव्हाच सुरू झाली होती. गावच्या उतारावर, समोर सजलेले बैल आणि माणसांची दाटी असताना, त्याने पाय दाबला. मी थांबले नाही. त्याने पुन्हा दाबला. शेवटी त्याने मला रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घातले.

माणसे वाचली, बैल वाचले. मालनबाईच्या कपाळाला खोक पडली. बब्रुवानचे मनगट मोडले आणि माझे तोंड चेपले.

आठवड्याने त्याने गळ्यात हात अडकवूनच तिच्या मदतीने माझे चाक उघडले. पट्टीवर बोट फिरवले. ते तेलकट झाले.

"म्या तर पोळ्याआदी समदीकडं तेल लावलं हुतं," मालनबाई म्हणाली. "तरी असं कसं झालं, आवं?"

बब्रुवानने बोट हळूच धोतराला पुसले.

"पट्टी झिजली हुती. म्याच बघितलं न्हाय," तो म्हणाला. "आता हिला बाहीर काढायची न्हाय."

मित्रांनो, पेट्रोलने धुऊन उन्हात वाळवली असती, तर ती पट्टी कामाला आली असती. पण धुवायला घेतली की कशासाठी, हे तिने विचारलेच असते. तेव्हापासून मी उभी आहे. माया करताना, ज्याच्यावर करता त्याला काय हवे आणि काय सोसत नाही, तेवढे आधी जाणून घ्या. आमच्यासारख्यांना तोंड नसते. पण खरे सांगू? मला तोंड असते, तरी तिने 'असं कसं झालं' म्हणून विचारले तेव्हा मीही गप्पच बसले असते.