मूशचा वाडगा

पाहुण्यानं मीठ घावनावर टाकलंच नाही. चिमूट उचलली, तळहातावर पसरली, खिडकीच्या उजेडाकडे धरून रंग पाहिला आणि मग दोन कण जिभेच्या टोकावर ठेवले. चुलीपाशी कुट्टूचं घावन उलटता उलटता झाकीननं ते पाहिलं. सुताचा व्यापारी असं मीठ चाखत नाही. असं चाखतो तो गाबलू, राजाच्या मीठखात्याचा शिपाई.

भांड्यातलं मीठ सरकारी कोठारातलं होतं, जुनाट आणि मातकट, त्यामुळे त्यात सापडण्यासारखं काही नव्हतं. पण आता तिचं लक्ष त्या माणसावरून हलेना. धुक्यात वाट चुकलो म्हणून आला होता. अंगातला शेतकऱ्याचा झगा कोरा करकरीत, घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. आणि बोलताना त्याचा अंगठा सारखा छातीवर जायचा, तिथं नसलेला पट्टा सावरायला. बिल्ल्याचा पट्टा वीस वर्षं घातलेल्या माणसाची ती खोड.

"कोणाकडनं घेता सूत?" कोनाड्यातल्या पलंगावरून गेर्वेनं विचारलं. झाकीनचा नवरा गेर्वे तीन आठवडे पाय मोडून पडला होता. मांडीला फळ्या बांधलेल्या, उठून पळायचं म्हटलं तरी दारापर्यंत सरपटत जावं लागलं असतं.

"इकडनं, तिकडनं," पाहुणा म्हणाला. त्यानं बाक थोडा फिरवून घेतला आणि दाराकडे तोंड करून बसला.

आता हे दाराकडे तोंड करून बसणं काय ते सांगायला हवं. गावाखालून ओढा वाहतो. अलीकडे आमचा मेन प्रांत, पलीकडे ब्रेतान्य. पाऊस तोच, कुंपणं तीच, घावनंही तीच. पण अडीचशे वर्षांपूर्वी ब्रेतान्य फ्रान्सच्या राजाला मिळाली तेव्हा त्या शहाण्या लोकांनी मिठावर कर लावायचा नाही असं कबूल करून घेतलं. आमच्या पूर्वजांना मेल्यांना ते सुचलं नाही. म्हणून पलीकडे मीठ डुकरांपुढे टाकतात आणि अलीकडे त्याच मिठासाठी माणसं तुरुंगात जातात. ओढ्यावर बसून राहिलेले गाबलू माणसांची झडती घेतात, बायकांचे घागरे चाचपतात. म्हणून आमच्याकडचं मीठ कुत्री आणतात.

गेर्वेची कुत्री मूश. काळी, बुटकी, डोळ्यांवर दोन पिवळे ठिपके. रविवारी तिला पलीकडे गेर्वेच्या बहिणीकडे, पेरिनकडे, सोडून यायचं; गेर्वे पडल्यापासून हे काम झाकीनचं. तिथं दोन दिवस उपाशी ठेवायचं. बुधवारी सकाळी पाठीवर मिठाची पिशवी घालायची, ती घसरू नये म्हणून पोटाखालून जाड दोऱ्यानं शिवून टाकायची, आणि सोडायचं. मूश कुंपणांतून, नाल्यांतून जी सुटायची ती थेट झाकीनच्या उंबऱ्यावरल्या लाकडी वाडग्यापाशी. वाडग्यात दुधात भिजवलेला पाव तयार असायचा. तिचं खाणं होईस्तोवर झाकीन कात्रीनं टाके उसवायची.

आज बुधवार होता. वाडगा भरून ठेवलेला होता.

गाबलू दिसला की कुत्रं पळालं पाहिजे, हे कुत्र्याला शिकवावं लागतं. त्यासाठी गेर्वेनं एका दारुड्या शिपायाचा निळा कोट मिळवून ठेवला होता. मूश पिल्लू असताना शेजारच्या गावचा टोपल्या विणणारा यायचा, तो कोट घालायचा आणि वाडीत काठीनं तिला झोडपायचा. ती केकाटत घराकडे पळाली की झाकीन तिला ॲप्रनखाली घ्यायची, लोणी चाटवायची. यात नियम एकच, आणि तो सगळा मुलूख पाळतो: कोट घरच्या माणसानं कधी घालायचा नाही. कुत्र्याला वास कळतो. निळ्या कोटाला घरचा वास आला तर सगळं शिकवलेलं पाण्यात जातं.

"बाई, कुत्रं दिसत नाही कुठं तुमचं," पाहुणा म्हणाला.

"मेलं ते. मागच्या साली."

"अरेरे. आणि दारातला वाडगा?"

"तो... डुकराचा."

"दूध-पाव? डुकराला? आणि तेही उंबऱ्यावर?"

"पाहुणे, काय सांगू," पलंगावरून गेर्वे हसला. त्याचं हसणं झाकीनला बरोबर कळलं, बोबडी वळायच्या आधीचं हसणं ते. "हिनं फार लाडावून ठेवलंय त्या डुकराला. माझ्यापेक्षा बरं जेवतं."

पाहुणाही हसला. "कुत्री मात्र गुणी जात. कोर्टात साक्ष देता येत नाही त्यांना, पण घर बरोबर दाखवतात. आपण फक्त आडवं जायचं नाही. मुकाट्यानं मागनं चालत राहायचं." आणि त्याचा अंगठा पुन्हा छातीवर गेला.

म्हणजे ह्याची माणसं ओढ्यावर कोट काढून बसली होती. साधे झगे घातलेली माणसं पाहून मूश निर्धास्त त्यांच्या पुढ्यातून जाणार, आणि हे तिच्या मागोमाग. गेर्वे एकदा पकडला गेला होता. तेव्हा दंडावर सुटला, गाय गेली. दुसऱ्यांदा दंड नाही. दुसऱ्यांदा खांद्यावर तापल्या लोखंडाचा डाग आणि सहा वर्षं ब्रेस्तच्या बंदरात पायात साखळदंड. गावातनं तिघे गेले होते तिथं. एकही परत आला नव्हता, आणि त्यांचे पाय तर धड होते.

तेवढ्यात लांब धुक्यातून शीळ आली. एक लांब, दोन आखूड. पाहुण्यानं मान तिरकी केली आणि घावनाचा तुकडा शांतपणे तोंडात टाकला. झाकीनच्या लक्षात आलं, मूशनं ओढा ओलांडला.

तिनं गेर्वेकडे पाहिलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"अगंबाई, डुकराचं राहिलंच की!" ती मोठ्यानं म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. तिनं उंबऱ्यावरचा वाडगा खरकट्याच्या बादलीत ओतला आणि बादली उचलली.

पाहुणा उठून तिच्यामागे दारापर्यंत आला. झाकीनला वाटलं, आता मानगूट धरतो. पण तो चौकटीला टेकून उभा राहिला. "जा की. उपाशी नका ठेवू बिचाऱ्याला. मी बसतो यांच्यापाशी, मी कुठं जातोय?"

ती चालू लागली. पळायचं नाही, पळायचं नाही, असं ती मनात घोकत होती. मागं वळून पाहिलं तेव्हा घर धुक्यात बुडालं होतं, आणि मग मात्र ती धावली.

मूश कुठूनही आली तरी शेवटची वाट एकच होती. दोन्ही बाजूंनी उंच बांध असलेली खोल गाडीवाट, आणि तिच्या टोकाला सफरचंदाच्या वाडीच्या कुंपणातलं भगदाड. तिथं तिला गाठायचं. पण गाठून काय करायचं? पिशवी शिवलेली. कात्री घरात चुलीवरच्या खिळ्याला. मागून माणसं येणार. "जा" म्हटलं तर मूश जाणार नाही, घरापासून लांब जायला तिला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. ती नाचत येणार, झाकीनचे हात चाटणार, आणि गेर्वे ब्रेस्तला जाणार.

डुकराच्या खुराड्याच्या छपराखाली, वाळक्या गवतात, निळा कोट होता.

झाकीननं तो ओढून काढला. घाईत एक बाही दोनदा चुकली. कोट तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. कुंपणातली एक काठी तिनं उपटली आणि भगदाडात जाऊन उभी राहिली.

आधी मूशचं धापा टाकणं ऐकू आलं. मग बऱ्याच मागं चिखलात घसरणारे लाकडी बूट, आणि कोणीतरी दबक्या आवाजात घातलेली शिवी. मग धुक्यातून मूश आली. पिशवीच्या वजनानं पाठ वाकलेली, पोट खपाटीला गेलेलं, जीभ बाहेर. निळा कोट दिसला आणि ती जागच्या जागी थिजली. कान मागं गेले.

पण मग तिनं हवा हुंगली. एकदा, दोनदा. आणि तिचं शेपूट हललं.

"नको गं," झाकीन ओठांतल्या ओठांत म्हणाली. "नको गं बाई माझी."

मूश सरपटत पुढं आली. भीतीनं तिच्या अंगाखाली मूत झालं होतं, तरी शेपूट हलतच होतं. कोट शत्रूचा आणि वास घरचा, तिनं वासावर विश्वास ठेवला. उठून तिनं पुढचे दोन्ही पाय झाकीनच्या पोटावर टेकले आणि आपलं डोकं तिच्या हाताखाली सारलं. नेहमी सारायची तसंच.

झाकीननं काठी मारली.

मूश ओरडलीसुद्धा नाही. नुसती वर बघत राहिली. झाकीननं पुन्हा मारली, तोंडावर. मग बरगड्यांवर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती दात आवळून मारत होती. तिसऱ्या की चौथ्या फटक्याला मूश केकाटली, घराच्या बाजूला तोंड वळवून एकदा घुटमळली, आणि घर कुठं उरलं नाही हे कळल्यासारखी आली त्या वाटेनं, ओढ्याकडे, पाठीवरल्या मिठासकट सुसाट सुटली.

"अरे, पकड! पकड!"

"कुठनं पकडू? पायांखालनं गेली की!"

"तो कोण गाढव कोट घालून उभा आहे तिथं?"

झाकीन कुंपणाआड झाली. वाकून, काटे ओरबाडून घेत ती खुराड्यापाशी पोचली. कोट काढून तिनं खताच्या खड्ड्यात दाबला, पायानं खोल घातला. मग तिचं लक्ष पोटाकडे गेलं. कोटाला पुढं बटणं नव्हती. तिच्या पांढऱ्या ॲप्रनवर चिखलाचे दोन पंजे उमटले होते, शिक्का मारल्यासारखे. तिनं क्षणभर पाहिलं, बादली उचलली आणि सगळं खरकटं छातीपासून खाली आपल्या अंगावर ओतून घेतलं.

अंगणात पोचली तेव्हा पाहुणा बाहेर आला होता आणि त्याचा पाहुणेपणा संपला होता. समोर चिखलानं माखलेली दोन माणसं उभी होती.

"कोट घालायचा नाही म्हणून चार वेळा सांगितलं होतं की नाही? चार वेळा! कोण होता तो?"

"आम्ही नव्हे, साहेब. आम्ही मागं होतो. वरच्या चौकीतला असेल कोणी."

"वरच्या चौकीतला! आठ आठवड्यांची मेहनत, आणि वरच्या चौकीतल्या एका टोणग्याला आजच थंडी वाजली!"

मग त्याची नजर झाकीनवर पडली. तो जवळ आला. ओरखडलेले हात, सुजलेले डोळे, अंगावरून निथळणारं खरकटं, सगळं त्यानं सावकाश पाहिलं. त्याची नजर ॲप्रनवर थांबली. गेर्वेला हाक मारायचं झाकीनच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"डुकरानं पाडलं," ती म्हणाली. आणि ती खरीच रडू लागली, थांबवता येईना इतकी.

"लाडाचं आहे खरं तुमचं डुक्कर," तो शेवटी म्हणाला, आणि माणसांना घेऊन धुक्यात निघून गेला.

मूश पेरिनकडे पोचली होती. पिशवी तशीच शिवलेली, एक डोळा सुजून बंद. गेर्वेचा पाय बरा झाल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला तो तिला घेऊन आला. अंगणात शिरेपर्यंत ती त्याच्या पायांत घोटाळत आली. झाकीन दारात आली, हातात लोणी, अंगात रोजचे कपडे. मूशनं तिला हुंगलं आणि जमिनीला पोट टेकून मुतली.

कोट कधीच खतात कुजून गेला होता. दोन वर्षांनी तो कायदाही गेला. पॅरिसमध्ये म्हणे हात वर करून ठरलं आणि मिठावरचा कर संपला. आमच्याकडे लोक ओढ्यावर नाचले, मीठ एकमेकांच्या डोक्यावर उधळलं, गेर्वे लंगडत लंगडत सगळ्यांत जास्त नाचला. झाकीनही हसली. तो जिवंत होता, तिच्यापाशी होता, त्या बुधवारबद्दल कोणी विचारलं तर ती म्हणायची, पुन्हा तेच करीन.

संध्याकाळी मात्र ती दुधात पाव भिजवायची, वाडगा उंबऱ्यावर ठेवायची, आत जायची आणि दार लावून घ्यायची. दारापलीकडे बराच वेळ काही हालचाल नसायची. ती दाराला पाठ लावून, श्वाससुद्धा न घेता उभी राहायची, आणि मग केव्हातरी मूश जेवायला लागायची.