येते

सोफेवाल्याच्या ओठांत खिळे असले की त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसे. बारीक काळे खिळे मूठभर तोंडात टाकायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, चुंबक लावलेल्या हातोडीने तो ओठांवरूनच उचलायचा आणि ठोकायचा, अशी त्याची पद्धत. हात मोकळे राहतात, काम झपाझप उरकतं. तोंड तेवढं बंद राहतं. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नसे. बायकोला वाटे. तिने दिवसभराचं सगळं सांगावं आणि याने खिळ्यांआडून "हं" म्हणावं, असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं चालला होता.

महिन्यापूर्वी ती बॅग घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली. बरंच काही बोलली. हा एका आरामखुर्चीचा हात ठोकत होता. म्हणाला, "हं."

"जाते," ती म्हणाली.

कोपऱ्यावर दूध आणायला निघाली तरी "येते" म्हणून जाणारी ती बाई. "जाते" हा शब्द तिच्या तोंडून त्याने पहिल्यांदा ऐकला. ऐकला, पण समजला तो रात्री, ताट एकट्यासाठी वाढून घेताना.

आज सकाळी मेहुणीचा फोन आला होता. "भाऊजी, ताईला लांबच्या गावी पडदे शिवायच्या कारखान्यात काम मिळालंय. संध्याकाळच्या बसने निघतेय ती. काही बोलायचं असेल तर आज बोला. नाहीतर बसा खिळे चघळत."

बोलायचं होतं हो! पण काय? फोन करावा तर ती उचलून "बोल" म्हणणार, आणि आपल्या तोंडून "हं"च बाहेर पडणार. त्यापेक्षा तीच काही लिहील, मग आपण उत्तर देऊ, अशी पळवाट त्याने काढली आणि फोन समोर ठेवून काम सुरू केलं. काम कसलं, नुसता चाळा.

टिंग. हातोडी टाकून तो फोनवर झुकला. "अभिनंदन! आपण मोटार जिंकलात."

टिंग. "तुमच्या फोनला विषाणूंनी घेरले आहे. त्वरित साफ करा."

टिंग. "पोट कमी करायचंय?"

हे सगळं त्याने स्वतःच घरात घेतलं होतं. फोनने लांबी-रुंदी मोजता येते असं कोणीतरी सांगितलं म्हणून एक अ‍ॅप घेतलं, ते फोन साफ करणारं दुसरं घेऊन आलं, आणि दोघांनी मिळून जे जे विचारलं त्याला हा "परवानगी द्या" म्हणत गेला. एवढं अदबीने विचारतायत, नाही कशाला म्हणा! बायकोला ज्याने धड एक शब्द दिला नाही, त्याने अख्ख्या जगाला परवानगी देऊन ठेवली होती.

हात सरसाने माखलेले, म्हणून तो बोटाच्या पेराने एकेक जाहिरात बाजूला लोटत होता. टिंग, लोट. टिंग, लोट. शेवटी तर न बघताच लोटू लागला. उन्हं कलल्यावर हात धुऊन त्याने बायकोच्या मेसेजचं पान उघडलं. तिचा नंबर त्याने "घर" या नावाने ठेवला होता. तिथे एकच ओळ होती. "हा मेसेज काढून टाकला आहे."

म्हणजे आला होता. आला, याने लोटला, आणि उत्तराची वाट बघून तिने पुसूनही टाकला. काय होतं त्यात? फोन लावला, तिने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. आणि वर टिंग. "तुमच्यासाठी खास बातमी!"

आता त्याच्याने दुकानात बसवेना. उसवलेली खुर्ची तशीच टाकून तो समोरच्या गल्लीतल्या मोबाइलवालीकडे धावला.

"हे टिंगटिंग बंद कर आधी. वेड लागेल मला."

मोबाइलवालीने फोन हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. "काका, धर्मशाळा उघडलीय की काय? कोणीही यावं, राहावं!" तिची बोटं भराभर चालू लागली. मोजमापवालं काढलं, सफाईवालं काढलं. कुठल्या कुठल्या साइटना दिलेली परवानगी बंद केली. "अजून कोण कोण येत होतं बघू. तुम्ही लोटलेलंही इथं साठून राहतं. हे बघा, मोटार, पोट, विषाणू, पुन्हा पोट... आणि हे घर कोण?"

त्याने फोन हिसकावूनच घेतला. सकाळचा, तिचा, पुसलेला मेसेज. दोनच शब्द.

"बरं. येते."

क्षणभर त्याला हसूच आलं. येते! आणि लगेच त्याने ती ओळ पुन्हा वाचली. कुठे येते? घरी येते, की निघताना म्हणतात तसं येते?

"काय गं, येते म्हणजे?"

"येते म्हणजे येते, काका. घरी जा, दार उघडा." मग ती पुन्हा फोनात डोकावली. "पण आधी 'बरं' का म्हटलंय? 'बरं, येते' असं तर आपण निघताना म्हणतो."

घरी जावं आणि ती बसमध्ये बसलेली असली तर? बसस्टँडवर जावं आणि ती बंद दारापुढे उभी असली तर? तो मोबाइलच्या दुकानाच्या पायरीवरून दोनदा उतरला, दोनदा चढला.

"तुम्ही काय उत्तर दिलं होतं?" मोबाइलवालीने विचारलं.

"मी कुठं काय..." आणि त्याचं त्यालाच उमगलं. घरी यायला निघालेली म्हणते, येते. आपण म्हणतो, ये. घरातून निघालेली म्हणते, येते. तरी आपण म्हणतो, ये. तिने काहीही म्हटलेलं असो, उत्तर एकच होतं. एका अक्षराचं. तेवढंही त्याने दिलं नव्हतं.

"लिहून टाका ना मग," मोबाइलवाली म्हणाली.

"नाही. हे तोंडानं म्हणायचं असतं. दारात असली तर थांबेल, बस थांबायची नाही."

"थांबा, घराचं टिंग तेवढं चालू ठेवते," असं म्हणत तिने फोन त्याच्या हातून घेतला, बोट फिरवून परत त्याच्या खिशात कोंबला, आणि लगेच तो रस्त्यावर पोचलासुद्धा.

स्टँडवर तो धापा टाकत शिरला तेव्हा बस फाटकाबाहेर वळत होती. मागून तिसऱ्या खिडकीत ती. काच बंद. तो बसबरोबर पळू लागला, पत्र्यावर थापा मारू लागला. तिने मान वळवली.

"ये!" तो ओरडला. "ये गं! ये!"

जाणाऱ्या बसला "ये" म्हणणारा माणूस बघून फुटपाथवरचे दोघे खो खो हसले. काचेमागे तिचे ओठ हलले, पण ऐकू काहीच आलं नाही. बस वेगाने पुढे गेली. त्याला खोकल्याची उबळ आली आणि गालात सकाळपासून राहून गेलेला एक खिळा रस्त्यावर पडला. त्याला रडू फुटायच्या बेतात होतं.

फोन काढला. एवढा गप्प फोन त्याने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. मोटार नाही, पोट नाही, विषाणू नाहीत. त्या शांततेने त्याचा जीव आणखीच कासावीस झाला. मघाशी निदान प्रत्येक टिंगला आशा तरी वाटायची.

टिंग.

त्याने सदऱ्याला बोटं पुसली. लोटायचं नाही, लोटायचं नाही, असं स्वतःला बजावत अंगठा लांब धरून त्याने वाचलं.

घर: "पुढच्या थांब्यावर उतरतेय. बॅग जड आहे. ये."