कोठ्याच्या फटीतून दिसलेला वसंत

मित्रांनो, मी बादल. कळंबच्या कडेला वामनरावांचं घर आहे. त्या घरामागच्या वाडीचा मी जुना राखणदार. अंगावरचे केस ढगासारखे राखाडी, म्हणून हे नाव. आता तोंडाभोवती पांढरं दिसू लागलं आहे आणि उठताना मागचे पाय कुरकुरतात.

माझा जन्म पूनमसिंगांच्या बंजारा तांड्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या गंजीखाली झाला. वामनरावांनी मला खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं, तेव्हा इंदूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढंसं तर हाय! हे काय राखण करीन?"

पण मी केली. आंब्यावर उतरणाऱ्या वानरांना पिटाळलं, भाजीच्या वाफ्यात शिरणाऱ्या गुरांना कुंपणाबाहेर नेलं. येणारेजाणारे म्हणायचे, "वामनराव, कुत्रा असावा तर असा." ते ऐकून वामनराव माझ्या मानेवर थोपटायचे. त्यांचे हात खरखरीत आहेत, पण मला त्याहून मऊ काही ठाऊक नव्हतं.

ऋतूंमध्ये मला फाल्गुन सगळ्यांत आवडे. कडूलिंबाची पिवळी पानं झडत आणि तांबूस कोवळी पालवी फुटे. आंब्याच्या मोहराने मला शिंका येत. शेवगा पांढरा होई, शेताच्या धुऱ्यावरचा पळस लाल होई. इंदूबाईंनी बियांसाठी सोडलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुलावर आला की त्यावर फुलपाखरं जमत. मी वेड्यासारखा त्यांच्या मागे धावायचो, झडलेल्या पानांत लोळायचो, लिंबोणीच्या आळ्यातली ओली माती उकरून पोट गार करायचो. इंदूबाई रागवायच्या, "हा वसंत आला का याच्या अंगात वारं शिरते!"

मागच्या वसंतात मात्र वेगळंच घडलं.

धुळवडीच्या दिवशी शेजारच्या देवरावांकडे मटण शिजलं होतं. त्यांच्या उकिरड्यावर मला एक हाडूक मिळालं. मी कडकन चावलं आणि ते वरच्या दाढांमध्ये आडवं अडकलं. तोंड मिटेना. जिभेने ढकललं, पायाने ओरबाडलं, जमिनीवर तोंड घासलं, तरी ते हलेना. दुसऱ्या दिवशी तोंडातून लाळ गळू लागली. भाकरी समोर यायची, वास यायचा, पण खाता यायचं नाही. पाणी प्यायला जावं तर अर्धं बाहेर सांडायचं.

"काहून रे बादल, काय झालं तुले?" असं म्हणत वामनरावांनी माझा जबडा धरला. डोक्यापर्यंत कळ गेली आणि मी त्यांच्यावर झडप घातली. दात लागले नाहीत, पण वामनराव मागच्या मागे पडले.

कुंपणापलीकडून देवराव ओरडले, "पिसाळला तो! लाळ पाहा त्याची! बंद करा त्याले, नाहीतर कोणाचा तरी जीव घेईन!"

वामनरावांचा चेहरा उतरला. गेल्या साली माझी लस टोचायची राहून गेली होती. त्यांनी लांब काठीने मला गुरांच्या रिकाम्या कोठ्यात ढकललं आणि बाहेरून कडी लावली.

ज्या दारावर मी इतकी वर्षं पहारा दिला, त्याच दाराआड मी कैदी झालो.

फळीला एक फट होती. तिथे डोळा लावला की वाडी दिसे. आंब्याखाली मोहराचा सडा पडला होता. कोकीळ ओरडत होता. एक वानर निवांत बसून कोवळी पालवी खात होतं आणि मला भुंकताही येत नव्हतं. फुलपाखरं फटीजवळून जात. मी पंजा मारायचो, तो फळीवर आपटायचा. तो आवाज ऐकून घरातले दचकायचे. मी वेदनेने विव्हळलो की ते म्हणत, रोग वाढला. मी दार ओरबाडलं की म्हणत, आता हा आवरणार नाही. मी जे काही करायचो, ते माझ्याच विरुद्ध जात होतं.

तिसऱ्या दिवशी अंगणात देवरावांचा आवाज आला. "चार मानसं बोलावतो. काठ्या घेऊन येतीन. उगाच वाट पाहू नका."

वामनरावांची पावलं घराकडे वळली. मित्रांनो, कोठ्यातल्या अंधारापेक्षा ती दूर जाणारी पावलं मला जास्त लागली.

तेवढ्यात इंदूबाई म्हणाल्या, "थांबा जरा. मी फटीतून पाहून राह्यली कालपासून. तो पाणी प्याले जाते, पण त्याले जमत नाही. अन् सारखा तोंडावर पाय मारते. डाक्टरीणबाईले बोलवा."

"अन् खरंच पिसाळला असंल तं?" देवरावांनी विचारलं.

"असंल तं त्याच सांगतीन. तोवर कोनी काठी उचलाची नाही."

जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर संगीताताई आल्या. त्यांनी कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. आधी फटीतून बराच वेळ मला पाहिलं. मग जाड हातमोजे घातले, लांब दांड्याच्या फासात माझी मान अडकवली आणि मांडीत सुई टोचली. मला वाटलं, संपलं सगळं. पाय लुळे पडले, आणि डोळ्यांसमोरची ती फट हळूहळू विझली.

जाग आली तेव्हा तोंड मिटत होतं! संगीताताईंच्या चिमट्यात ते हाडूक होतं. "हे पाहा तुमचं पिसाळणं," त्या म्हणाल्या. "तरी लस चुकली आहे. काही दिवस बांधून ठेवा, नजर ठेवा. अन् पुन्हा लस चुकवू नका."

वामनराव उंबऱ्यावर बसले आणि दुपट्ट्यात तोंड लपवून रडले.

पुढचे दिवस साखळीत गेले. मोहर झडून बारीक कैऱ्या धरल्या, पळसाची फुलं मातीत मिसळली, तरी मी खुंट्याशीच. ते दिवस नीट पार पडले, मला लसही टोचली. पण गल्लीतली भीती काही गेली नाही. माझी साखळी वाजली की लोक लेकरांना आत ओढत. मग वामनरावही मला सोडायला कचरू लागले.

एका सकाळी मात्र त्यांनी साखळी काढली आणि मला थेट देवरावांच्या फाटकासमोर नेलं. देवराव दाराआड सरकले.

"जाऊ नका, देवराव. पाहा इकडे." वामनराव खाली बसले आणि हळूच म्हणाले, "आ कर, बादल."

मी तोंड उघडलं. त्यांनी मनगटापर्यंत हात आत घातला. मी श्वास रोखून उभा राहिलो, दातही हलवला नाही. देवराव बाहेर आले आणि मान खाली घालून म्हणाले, "मीच मानसं बोलावणार होतो गा."

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. दुखलं तरी आम्ही गुरगुरतो आणि भ्यालो तरी गुरगुरतो. तुमचं जनावर अचानक वेगळं वागू लागलं तर त्याच्या तोंडात हात घालू नका, पण काठीही उचलू नका. जाणकाराला बोलवा. त्याची लस चुकवू नका. आणि दाराला कडी लावावीच लागली, तर आतला जीव तुमचाच आहे, एवढं विसरू नका.