कामाचे हात

हरिदास मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण अख्ख्या साखर पेठेचा समज उलटा होता. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेला हा गृहस्थ माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या शेजारच्या खोलीत ‘अस्खलित इंग्रजी’चा वर्ग चालवत असे. मधली भिंत फळ्यांची. त्यामुळे ते अस्खलित इंग्रजी मला सकाळ-संध्याकाळ फुकटात ऐकावं लागे.

त्यांची शिकवायची एक युक्ती होती. आठवड्याला एकच साधा शब्द घ्यायचा आणि त्याच्यावरचे सगळे वाक्प्रचार पोरांकडून घोकून घ्यायचे. एका आठवड्याला नाक, एका आठवड्याला मांजर. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता, नळाला दोन दिवसांआड पाणी येत होतं, आणि ज्याला इंग्रजीत धड तांब्याभर पाणी मागता आलं नसतं तो माणूस फळ्यावर पाण्याचे तीस वाक्प्रचार लिहीत होता. पाणी संपलं आणि ‘हात’ आला. ‘ओल्ड हॅन्ड’ म्हणजे मुरलेला माणूस. ‘अपर हॅन्ड’ म्हणजे वरचढपणा. एका पोरानं विचारलं, “सर, सेकंड हॅन्ड म्हणजे डावा हात का?” तर मास्तर म्हणाले, “शाब्बास! पण त्याला आणखीही एक अर्थ आहे.”

मी अकरा वर्षं एका वकिलाकडे इंग्रजी पत्रं टायप केली होती. एकदा न राहवून दारातूनच मास्तरांची एक चूक सांगितली. त्यावर सगळ्या वर्गासमोर ते म्हणाले, “बाळासो, टायपिस्टनं बोटं चालवावीत. डोकं चालवायला आम्ही आहोत.” पोरं खो खो हसली. ते हसणं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

अशात काशम्मा आली. चादरीच्या एका कारखान्यात रंगखात्यात नऊ वर्षं सुताच्या लड्या रंगवणारी बाई. नोकरी कायम. नवरा मल्लप्पा छातीच्या दुखण्यानं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, म्हणजे घर चालायचं ते हिच्या कायम नोकरीवर. तिच्या हातात इंग्रजीत टाइप केलेला मेमो होता.

“मास्तर, ह्यो कागद वाचा की वो. मुकादम म्हनला, तीन दिसांत जबाब दे.”

मेमोत लिहिलं होतं, काम सोडून वीस मिनिटं गैरहजर, खुलासा करा.

“काम कुटं सोडलं वो म्या?” काशम्मा म्हणाली. “रंगातल्या सोड्यानं हात जळत हुते. खात्यातला नळ कोरडा पडलाय. म्हून फाटकाजवळच्या हौदावर ग्येले, कामाचे हात धुतले आन् परत आले. येवडंच लिवा. मराटीत लिवलं तरी चालंल की. सायबाला मराटी येतंय.”

“इंग्रजी मेमोला मराठी उत्तर?” मास्तर ओरडले. “अगं, लाज जाईल!”

कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या आठवड्यात ‘हात’ चालू होता आणि आयती हाताचीच केस दारात आली होती. मास्तर असे खूश झाले की बघायला नको. तासाभरात पाऊण पान मजकूर लिहून त्यांनी माझ्याकडे टायप करायला दिला.

हाताचा एकही वाक्प्रचार वाया जाऊ दिला नव्हता. काशम्मा कारखान्याची ओल्ड हॅन्ड होती, तिचे हॅन्ड्स क्लीन होते, आणि साहेबांनी तिला हेल्पिंग हॅन्ड द्यावा अशी विनंती होती. हे सगळं चाललं असतं. पण मधोमध एक वाक्य होतं, ‘आय ओन्ली वॉश्ड माय हॅन्ड्स ऑफ द वर्क.’

माझी बोटं थांबली. मास्तरांनी ‘कामाचे हात धुतले’ याचं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं होतं. इंग्रजीत त्याचा अर्थ भलताच होतो. तसं लिहिणारा माणूस म्हणतो की मी या कामाशी संबंध तोडला. बाई कायम नोकरी वाचवायला आली होती आणि आपल्या अंगठ्यानिशी नोकरी सोडल्याचं लिहून देणार होती.

‘ऑफ’च्या जागी ‘आफ्टर’ टाकलं असतं तर भागलं असतं. फळीवर टकटक करून सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी गप्प बसलो. मनात आलं, तिचा साहेब, म्हणजे कारखान्याचा लेबर ऑफिसर, पुण्याचा बी.ए. आहे. हे वाचून तो पोट धरून हसेल, चारचौघांना दाखवेल, आणि मास्तरांचा वर्ग आठ दिवसांत ओस पडेल. हसू दे. मी ते वाक्य एकही खाडाखोड न करता टायप केलं. काशम्मानं खाली अंगठा उठवला आणि जाताना दोघांनाही नमस्कार केला.

पाचव्या दिवशी ती परत आली, तीही हसत.

“सायेब लई गोड बोलला वो. चा बी पाजला. ह्यो कागद दिला.”

मास्तरांनी कागद वाचला. सगळा कळला नसावा, पण ‘रेझिग्नेशन’ एवढा शब्द कळला. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी कागद माझ्या टेबलावर टाकला, “ही टायपिंगची चूक आहे,” म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या मिनिटाला आतून घोकंपट्टी सुरू झाली. निर्लज्जपणालाही काही सीमा असते, असं मला तोवर वाटत असे.

मी काशम्माला कागदाचा अर्थ सांगितला. आपण कामाशी संबंध तोडल्याचं स्वतःच कळवलंत, सबब राजीनामा आजपासून मंजूर. “म्या कवा राजीनामा दिला?” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तिला घेऊन मी तडक लेबर ऑफिसरकडे गेलो.

“या, बसा,” तो म्हणाला. “पत्र फार सुंदर होतं हो. आमच्या प्रिन्सिपॉलनासुद्धा एका पानात इतके हात घालता आले नसते.”

“साहेब, बाईला फक्त हात धुतले एवढंच म्हणायचं होतं. तुम्हाला ते कळलं होतं.”

“मला काय कळलं याला किंमत नाही. कागद काय म्हणतो ते बघायचं. कायम कामगार स्वतःहून जातो म्हणतो, मी कोण अडवणार?”

तिच्या जागी रोजावरची बदलीवाली बाई कालच उभी केली होती. कायम माणसं कमी करायचीच होती त्याला, आणि मास्तरांनी सोन्याच्या ताटात वाढून दिलं होतं.

“टायपिंगची चूक आहे साहेब, माझी,” मी म्हणालो. “तिथं ‘आफ्टर’ हवं होतं. तसं लिहून देतो.”

साहेब जरा विचारात पडला. माझ्या सहीचा कागद त्याला अडचणीचा झाला असता, पण तो सरळ नाकारताही येईना. त्यानं पुढ्यात कोरा कागद सरकवला आणि हसून म्हणाला, “द्या. ‘ऑफ’ आणि ‘आफ्टर’मधला फरक एखाद्या टायपिस्टला काय कळणार म्हणा! तुम्ही आपली बोटं चालवणार.”

माझं डोकं फिरलं.

“मला चांगला कळतो!” मी म्हणालो. “तुमच्याइतकाच कळतो. टायप करतानाच कळला होता!”

“अस्सं,” साहेब म्हणाला. “कळून टायप केलंत. म्हणजे ती चूक नव्हती.” आणि त्यानं कोरा कागद परत ओढून घेतला.

आयुष्यभर मी मास्तरांना पोकळ दिमाखाचा माणूस म्हणून नावं ठेवली. तो निदान अडाणी होता.

फाटकाबाहेर आल्यावर काशम्मा थांबली.

“टायपवाले, तुमाला तवाच कळलं हुतं?”

“हो.”

“मंग बोलला का न्हाई?”

मी खरं ते सांगितलं. साहेबानं मास्तरांना हसावं, असं मला वाटत होतं.

ती शिव्या देईल, असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, ही एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या माणसाला कशी कळली नाही, असं.

“मास्तरचं नाव कुटं हुतं वो त्यावर?” ती म्हणाली. “अंगठा माजा हुता की.”

पुढच्या सोमवारपासून ती विड्या वळायला बसली.