दुसरं हसू

“ताई, तुमचा पाय सारखा ब्रेकवर असतो,” मास्तर म्हणाले. “विनोद झाला, लोक हसले, की लगेच पुढचा गिअर टाकायचा. तुम्ही काय करता? गाडी बंद करून खाली उतरता आणि टायर बघत उभ्या राहता.”

मास्तर दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवतात आणि दर गुरुवारी संध्याकाळी या बारमध्ये माईक सांभाळतात. ज्याला वाटेल त्याने यावं, वहीत नाव लिहावं आणि सहा मिनिटं उभ्याने लोकांना हसवावं. पाच मिनिटं झाली की मास्तर मागून लाल टॉर्च दाखवतात. माझा हा चौथा गुरुवार होता.

“किती थांबते मी?” मी विचारलं.

“मोजलं नाही बुवा. पण मागच्या वेळी तुमच्या एका विनोदानंतर मी बाथरूमला जाऊन आलो, तरी तुम्ही आपल्या तिथंच.”

मी मोजलं होतं. सात सेकंद. ते माझ्या वडिलांचे होते.

बाबा तीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात होते. पत्र्यावर हातोडा पडताना होणाऱ्या आवाजाने कान एकदम जात नाहीत. आधी वरच्या पट्टीतलं जातं, पाखरं, घड्याळाची टिकटिक. मग माणसांच्या बोलण्यातले स, फ, त. मी बोलते आहे हे बाबांना कळायचं, काय बोलते आहे ते कळायचं नाही. ‘पान’ आणि ‘कान’ त्यांना एकच. त्यामुळे घरात कोणी काही गमतीचं बोललं की बाबा दोनदा हसायचे. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर, सगळे हसतात म्हणून. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारायचे, “काय म्हणालीस गं?” मी तोंड उजेडाकडे करायची, आवाज खाली आणायची आणि शब्द सुटे करून पुन्हा सांगायची. थोडा वेळ जायचा. मग ते दुसऱ्यांदा हसायचे, एकटेच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तोवर बाकीच्यांची ताटं उचलून झालेली असायची.

पहिलं हसू रीत म्हणून होतं. दुसरं खरं. मी लहानपणापासून दुसऱ्यासाठी थांबत आले.

मी कानाच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. हे शिक्षण वडिलांसाठी घेतलं, असं नातेवाईक कौतुकाने सांगतात. मला कारखान्यापेक्षा शांत जागेत नोकरी हवी होती, एवढंच. बाबांना मी यंत्र बसवून दिलं होतं. ते कपाटाच्या खणात असायचं. “त्यात तुझा आवाज येत नाही, चमच्यांचा येतो,” ते म्हणायचे. त्यांचं खरं होतं. यंत्र दोन्ही वाढवतं.

पेशंटबरोबर आलेल्या माणसांना मी न चुकता एक गोष्ट सांगते. यांनी ‘काय?’ विचारलं की एक वेळ ओरडा, चिडा, पण ‘काही नाही, जाऊ दे’ म्हणू नका. तेवढ्या शब्दांनी माणूस घरात असून घराबाहेर पडतो.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी दवाखान्यात घडलेली एक गंमत जेवताना सांगितली. धाकट्या भावाला हसून ठसका लागला. आईने पदर तोंडाला लावला. बाबा हसले, पहिल्यांदाचं. मग वाकले. “काय म्हणालीस गं?”

त्या दिवशी मी अकरा जणांशी असं खालच्या आवाजात, सुटं सुटं बोलले होते. घसा बसला होता.

“काही नाही बाबा. जेवा तुम्ही.”

“बरं,” ते म्हणाले, आणि जेवले.

सकाळी सहाला आई उठवायला गेली, तेव्हा ते उठले नाहीत.

महिन्याभराने मी हे भावाला सांगितलं. तो पंख्याची पाती पुसत स्टुलावर उभा होता.

“ताई, वेडी आहेस का तू? मी दिवसातून दहादा ‘जाऊ दे’ म्हणायचो. कधी रागावले?”

“नाही.”

“मग?”

“मी म्हणत नव्हते.”

“एकदा म्हणालीस.”

“हो,” मी म्हणाले. “एकदा.”

तो स्टुलावरून खाली उतरला आणि कापड धुवायला निघून गेला.

तेव्हापासून ते वाक्य येतं. पहिल्यांदा आलं ते तपासणीच्या खोलीत. ती खोली बाहेरचा सगळा आवाज पिऊन टाकते. आत बसलं की स्वतःचं गिळणंही ऐकू येतं. संध्याकाळी मी हेडफोन पुसून जागेवर लावत होते. पाठीमागून, साधारण हाताच्या अंतरावरून, आलं. “काय म्हणालीस गं?” नेहमीचाच आवाज. ना राग, ना तक्रार. मी वळले नाही. पुढे ते घरीही येऊ लागलं, माझं एखादं वाक्य संपलं आणि कोणी काही बोललं नाही की.

मी विज्ञान शिकले आहे. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तपासणीत पेशंटच्या हातात एक बटण असतं. आवाज ऐकू आला की अंगठ्याने दाबायचं, येत असेपर्यंत दाबून धरायचं, थांबला की सोडायचं. काही जण मी काहीच सोडलेलं नसताना दाबतात. ते खोटं बोलत नाहीत. ते फार कान लावून बसलेले असतात. अशा वेळी आलेखावर खूण करायची नाही, हा नियम. रागवायचंही नाही.

पण माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. ती गंमत अर्धी राहिली आहे. चारचौघांत, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सांगून टाकली तर प्रश्न थांबेल. दवाखान्याशेजारच्या खांबावर मास्तरांनी लावलेला कागद पाहिला आणि मी बारमध्ये आले. तीन गुरुवार आले. तिन्ही वेळा त्या गोष्टीपाशी पोचले आणि दुसरंच काहीतरी बोलून खाली उतरले.

“आज थांबू नका,” मास्तर म्हणाले. “जा.”

समोर वीस-बावीस माणसं होती. दिवा डोळ्यांवर येत होता. मागच्या कोपऱ्यात एक बंद पडलेला स्पीकर आणि एकावर एक रचून ठेवलेल्या खुर्च्या. तिथे कोणी बसत नाही.

“मी कान तपासते,” मी म्हणाले. “म्हणजे तुम्ही इथे हसला नाहीत तर मला कारण माहीत असतं.”

दोघे-तिघे हसले.

“परवा एक काकू नवऱ्याला घेऊन आल्या. म्हणाल्या, यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी तपासले. दोन्ही कान ठणठणीत. काका माझ्यासमोर हात जोडून उभे! म्हणाले, ‘बाई, उजवा चांगला लिहा हवं तर. डावा तेवढा राहू द्या. झोपताना ती डावीकडे असते.’”

या वेळी सगळेच हसले. पुढच्या टेबलावरचा एक जाडा माणूस ओरडला, “मॅडम, असा रिपोर्ट मला पण द्या की!”

“तुमची बायको आधीच घेऊन गेली,” मी म्हणाले.

टेबलावर थापा पडल्या. मी थांबले नव्हते. मागे मास्तरांनी मान डोलावली. आता ती गोष्ट.

“एक आजी आल्या होत्या. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर. मी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. सांगितलं, आजी, आवाज आला की बटण दाबायचं. बरं म्हणाल्या. मी बारीक आवाज सोडला, काही नाही. मोठा सोडला, काही नाही. शेवटी इतका मोठा सोडला की बाहेर बसलेला वॉचमन उठून उभा राहिला. आजी ढिम्म. म्हटलं, गेले, दोन्ही कान गेले. मग काचेतून नीट पाहिलं. माझं बटण बाजूला पडलेलं, आणि आजी एकेक करून स्वेटरची बटणं दाबतायत. मी दार उघडलं. म्हटलं, आजी, हे काय? तर माझ्यावरच खेकसल्या. ‘अगं, पाचही दाबून पाहिली. तुझं पिणपिणणं काही बंद होत नाही!’”

हसू मोठं आलं. जाड्या माणसाने डोळे पुसायला रुमाल काढला. मी पूर्ण सांगितली होती. वीस माणसांनी ऐकली होती. हसू ओसरत गेलं आणि पुढचा गिअर टाकायच्या ऐवजी मी उभी राहिले. एक. दोन. तीन. चार.

“काय म्हणालीस गं?”

खुर्च्यांच्या कोपऱ्यातून आलं. एकानेही मान वळवली नाही. म्हणजे कोणाला ऐकू आलं आणि कोणाला नाही, ते स्पष्ट होतं. नियमही मला पाठ होता.

मी तोंड दिव्याकडे केलं. आवाज खाली आणला.

“एक आजी आल्या होत्या, बाबा.”

कोणीतरी फिसकन हसलं. काही जणांनी मागे वळून पाहिलं, मग एकमेकांकडे.

“थंडी होती. अंगात स्वेटर होता. मी म्हटलं, आवाज आला, की बटण दाबा.” मी स्वतःच्या छातीवरची बटणं बोटाने दाखवली, एक, दोन, तीन. “त्या दाबत होत्या, स्वेटरची.”

लाल टॉर्च लागली. मास्तरांनी ती माझ्या तोंडाकडे धरली, आणि मग खाली केली. जाड्या माणसाने ग्लास उचलला होता, तो तसाच न वाजवता ठेवला. मी घाई केली नाही. एकही शब्द गिळला नाही. “पाचही, दाबून, पाहिली. तुझा आवाज, बंद होत नाही.”

कोणी हसलं नाही. तीच गंमत लगेच पुन्हा सांगितली की मरते, हे मास्तरांनी मला पहिल्याच गुरुवारी सांगितलं होतं. मी मोजायला लागले. सात झाले. सातच्या पुढे गेले.

मास्तर कडेने पुढे आले आणि पायरीपाशी उभे राहिले. “झालं, ताई,” ते अगदी हळू म्हणाले. “उतरा आता.”

“थांबा मास्तर,” मी म्हणाले. “अजून येतंय हसू.”

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, खुर्च्यांकडे, आणि मग माझ्या हाताकडे. माझा अंगठा माईकच्या दांड्यावर दाबलेला होता, नख पांढरं पडेपर्यंत.